आमच्या बाजूचा स्लॉब

यंत्र सुरू झालं का? बरं.
आधी चहा घे. निवला की त्याला
डब्याच्या दुधाचा वास मारतो.

किनाऱ्याला चिकटून राहतो तो बॅलिकॅटर.
लाट खडकावर चढते आणि उतरायचं विसरते,
थरावर थर, पार मासे वाळवायच्या माचीपर्यंत.
बाप दारातून बघून म्हणायचा, "आला पाहुणा,
आता एप्रिलशिवाय हलायचा नाही."
स्पेलिंग मला विचारू नकोस.
हा शब्द मी कधी लिहिला नाही,
त्यावरून घसरलेय फक्त.

सिश म्हणजे चुरा. होडी त्यातून गेली की
तळाशी जो आवाज होतो, तेच नाव.
वल्हं थांबव, शब्दही थांबतो.
लॉली त्याच्याही आधीची, नुसती साय,
पाणीच राहावं का, हे अजून ठरत नसतं तिचं.
नीश म्हणजे कोवळा, पाय टेकला की कच्च.
हळव्या पोरींनाही नीशच म्हणायचो.
मला कुणी म्हटलं नाही.

कॉपी लिहिलंस का? परीक्षेतली नव्हे रे.
खाडीत बर्फाचे तुकडे सुटे झाले की
आम्ही पोरं एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायचो.
पुढच्यानं जिथं पाय टाकला तिथंच आपला टाकायचा.
चुकलं की बूट भरून घरी,
आणि वर आईचा मार.
पुढचा म्हणजे नेहमी माझा भाऊ, अ‍ॅझराया.

स्वॉच सांगते.
सीलला श्वासाला वर यावं लागतं, बर्फात एक फट असते.
तिथं माणूस पालथा पडून राहतो, बंदूक हाताशी,
तोही श्वास धरून.
त्या फटीला स्वॉच म्हणतात, आणि तसं पडून राहण्यालाही.
या खिडकीशी मी काय करते, असं
शेजारीण विचारते तेव्हा मी हाच शब्द सांगते.
ती हसते. तिला वाटतं, मी गंमत करते.

आता तुझा तो स्लॉब.
मघापासून तू कार्ड पुढं सरकवतोयस,
दिसतंय मला.

आमच्याकडं, गॅनेट टिकलमध्ये, स्लॉब म्हणजे लापशी.
मांजर सोडलं तरी बुडेल.
भूशिराला वळसा घातला की स्कल्पिन कोव्ह, होडीनं नऊ मैल.
तिकडं स्लॉब म्हणजे दाबून बसलेला, दाट,
धावत सुटलं तर माणसाला पेलतो,
मध्ये थांबायचं तेवढं नाही.
लिअँडर तिकडचा.

लग्नाला पाच महिने झाले होते. मार्च.
दोघं सीलमागं गेले, पुढं अ‍ॅझराया,
शंभरेक पावलं मागं हा.
अ‍ॅझराया कडेला थबकला, वळला, आणि ओरडला
तो एकच शब्द.
त्यानं तो 'थांब' म्हणून टाकला.
लिअँडरनं तो 'पळ' म्हणून झेलला.

टोपी सापडली.

भाऊ त्यानंतर एकोणतीस वर्षं जगला.
बर्फाला बर्फच म्हणायचा.
सिश नाही, लॉली नाही, काही नाही,
शहरातून आलेल्या माणसासारखा, बर्फ.
एकदा बटाटे सोलताना म्हणाला,
"साधं थांब म्हणायला काय झालं होतं मला."
मी पातेलं पुढं केलं. त्यानं साल टाकलं.

तुझ्या कार्डावर दोन अर्थ मावतील ना?
एक आणि दोन असे आकडे घालू नकोस.
शेजारी शेजारी लिही.
या स्वयंपाकघरात दोन्ही बोलले जायचे,
आणि भांडण व्हायचं ते मिठावरून.

बंद करतोस? थांब.
थोडं मागं घे. जिथं मी स्लॉब म्हणाले तिथं.
स्कल्पिनवाले शेवटचा ब गिळतात.
मी गिळला का, ऐकव.