हमाली

मुंबई नाक्याजवळ, तळघरात आमची प्रयोगशाळा.
बुटांच्या खोक्यांत मेणाच्या वड्या,
एकेका वडीत कुणाच्या तरी जठराचा
डाळिंबाच्या दाण्याएवढा तुकडा.
नऊ-दहा वर्षांपूर्वीची खोकी.
एप्रिलमध्ये त्यांना वास सुटतो,
बंद ठेवलेल्या देवघरासारखा.

वैजापूरकर मॅडम म्हणाल्या,
एक प्रथिन शोधायचंय, चरबीला धरणारं.
कुणाच्या गाठीत ते किती, बघू.
आणि कोण किती जगलं, तेही.

मी कापते. केसाच्या विसाव्या भागाइतकी पातळ फीत
कोमट पाण्यावर सोडते, काचेवर उचलते,
झायलीनमध्ये मेण उतरवते.
मग एक थेंब, मग वाट बघणं, मग दुसरा थेंब.
प्रथिन असेल तिथे तपकिरी चढतो,
काळ्या मसाल्याच्या तर्रीसारखा.
हे मी मॅडमना कधी सांगितलेलं नाही.
मिसळ मात्र सोडली आहे.

दुपारी दोन ते चार फोन.
रकाने दोनच: आहे, नाही.
‘हा क्रमांक अस्तित्वात नाही.’
‘ते गेले ना, पोळ्याच्या आदल्या दिवशी.’
सिन्नरची एक सून विचारते,
मग आमच्या पोराला किती धोका?
मी म्हणते, ते अजून कळत नाही.
ती म्हणते, मग फोन कशाला केला?

काच क्रमांक ३१७.
निवृत्ती सखाराम गांगुर्डे, वय तेव्हा बासष्ट,
पंचवटी मार्केट यार्डात हमाल.
सगळ्यांत गडद काच हीच.
फोन लावण्याआधीच मी पेन्सिलीने
‘नाही’ लिहून ठेवलं होतं.

‘बोला.’
मागे कोथिंबिरीचा लिलाव चाललेला.
कोण बोलतंय, मी विचारलं.
‘निवृत्तीच बोलतोय. जोरात बोला, बाई.’

आता पोतं उचलत नाही, म्हणाला,
काट्याजवळ बसून जुड्या मोजतो.
पोट काढलंय, म्हणून दिवसातून सहादा खातो,
चिमणीसारखं.
‘पण तुम्ही काय शोधताय?’

मला सोपं सांगता येत नव्हतं.
म्हटलं, पेशीत एक हमाल असतो, काका.
चरबी पाण्यात सुटत नाही,
म्हणून हा तिला उचलतो,
जिथं जाळायची तिथं नेऊन टाकतो.
तुमच्या गाठीत असे हमाल फार होते.

तो थोडा वेळ गप्प.
लिलाववाल्याचा आवाज बावीसशेवर अडकला होता.

‘मग त्याचं काय चुकलं?’ म्हणाला.
‘हमाल कधी विचारतो का, माल कुणाचा?
घरात चोर राहायला आला,
तर चोराचा किराणाही तोच वाहणार.’

मग जरा हसून:
‘हमाली कोण देतं त्याला?’
ते अजून सापडलेलं नाही, मी म्हटलं.
‘तोलाई तरी कापत असतील!’
आणि कुणीतरी त्याला हाक मारली, फोन राहिला तसाच,
चालू, कुठल्यातरी क्रेटवर.
मी ऐकत बसले. तेवीसशे. साडेतेवीसशे.

मॅडमच्या आलेखात रेघ खाली उतरत जाते,
गडदवाल्यांची जास्त भराभर.
ती रेघ खोटी नाही. मी स्वतः मोजलंय.
एक ठिपका मात्र
रेघेपासून लांब, उजव्या कोपऱ्यात.
मॅडम म्हणाल्या, असा एखादा असतोच.

खोडरबराने ‘नाही’ पुसलं.
कागदावर त्याचा खळगा राहिलाय,
बोट फिरवलं की लागतो.
त्याच्यावरच मी ‘आहे’ लिहिलं,
शाईने.