शुद्धिपत्र

आमच्या मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही.
दर रविवारी सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसतो:
मुनाफ मिस्त्री, ज्याचं दुकान;
उमक गुरुजी, ज्यांना मोडी येते असं ते म्हणतात;
पोस्टातल्या विमलताई ढोक, निवृत्त,
ज्यांना गावाचे पत्ते पाठ, मेलेल्यांचेसुद्धा;
आणि मी. मी लिहून घेतो.

अकरा वर्षांपूर्वी कापूसबाजारातल्या दगडी हौदाला
पतंगाचा कागद लावून आम्ही कोळसा घासला.
निम्मा हौद मातीत. वर उरलेलं एवढंच:
एक साल, शेवटचा आकडा एक की सात ते कळेना,
आणि तीन इंग्रजी अक्षरं.
एल, एल, वाय.

मॉली, गुरुजी म्हणाले.
साहेबाची पोरगी. पटकीनं गेली असंल.
मिस्त्रीनं चहा सांगितला.
दुसऱ्या कपापर्यंत मॉली सहा वर्षांची झाली,
तिसऱ्या कपाला तिचा फ्रॉक निळा होता.
मी लिहून घेतलं.
त्यात 'बहुधा' हा शब्द होता.
वही आहे, दाखवतो.

'बहुधा' कुठे गळाला, सांगता येत नाही.
नगरपालिकेच्या पाटीवर रंगाऱ्याला जागा पुरली नाही.
शाळेच्या भाषणस्पर्धेत तर
गावच्या लेकरांना पाणी पाजता पाजता मॉली गेली,
आणि त्या भाषणाला पहिला नंबर आला.
पुढे हौदाच्या कडीला हिरव्या बांगड्या दिसू लागल्या,
लहान, बाळमुठीएवढ्या.
तानाबाई मेसरेला विचारलं, हे काय?
डांग्या खोकल्यावर मोलीबाई गुन देते, ती म्हणाली,
माह्या सासूनं सांगतलं मले.
सासू जाऊन तीस वर्षं झालेली.
विमलताईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी पेनाचं टोपण लावलं.

यंदा रस्ता रुंद करायला जेसीबी आली
आणि हौद कमरेखाली उघडा पडला.
मिस्त्रीनं टायरच्या ब्रशनं माती काढली.
विमलताई चिखलात मांडी घालून बसल्या,
एकेक अक्षर, मनीऑर्डर वाचावी तसं.
मॉली नव्हे हो. होल्ली.
होल्ली म्हणजे सर्वस्वी.
सर्वस्वी गाडीवानांच्या वर्गणीतून.

मग गोदामातली बाडं. वाळवीनं आधी वाचलेली.
गुरुजींना मोडी खरंच येत होती,
हळू, पण येत होती.
गाडीमागे एक पैसा, तीन हंगाम.
दोनशे बारा नावं.
सखू तेल्याचा गणू, गाड्या दोन.
शेख बुऱ्हाण, गाडी एक.
लखमा परधान, गाडी एक, बैल मेला, पैसा माफ.
पुढच्याच पानावर लखमा परधान, पैसा जमा.
साहेब एकदाच येतो:
समारंभाचे पेढे, सव्वा रुपया,
वर्गणीतूनच.

शुद्धिपत्र काढलं. शंभर प्रती.
झेरॉक्सवाल्यानं उलट्या छापलेल्या बारा फुकट दिल्या.
गुरुजी म्हणाले, पाटी बदला.
नगरपालिका म्हणाली, ठराव लागंल.
मिस्त्री म्हणाला, राहू द्या न गुरुजी, पोरांचा खोकला तं जाते.
त्या रविवारी पहिल्यांदा चहा न घेता उठलो.

शेवटी ठरलं, नावं तरी मोठ्यानं वाचायची.
शुक्रवारी, भर बाजारात, हौदाजवळ.
आता बैल पाण्याला येत नाहीत,
एक बकरी होती, तिनं ऐकलं.
कांद्यावाला दोन आडनावांना थबकला,
त्यातलं एक त्याचं होतं.
दोनशे बारा नावांना बावीस मिनिटं लागतात.
तानाबाई पूर्ण वेळ उभी,
पदर डोक्यावर, नातू कडेवर, हातात दोन बांगड्या.
मी कागद घडी केला
तशी जवळ आली, हळूच विचारलं,

यातला मोलीचा बाप कोनता, बापा?