दुसरी सोमवारी

लुकस मास्तरांच्या वहीत पहिल्याच पानावर पेन्सिलीनं:
डावं तापलं तर आधी उजव्याला विचार.

दोन इंजिनं. नंबर पाठोपाठचे.
दोघांच्या मधे एक माणूस मावतो, तोही आडवा.
मास्तर होते तोवर मी वरून पाने द्यायचे,
तेराचा, सतराचा, मग नुसता पुढे केलेला हात बघून.
आता आडवी मी असते
आणि वरून इरफान चुकीचा पाना देतो.

ही बोट समुद्रावरची. ट्रेलरवर कसारा घाट चढून
गंगापूरच्या धरणात आली, तेव्हा मी शाळेतही नव्हते.
अजून एखादा जुना बोल्ट सोडवला
की आट्यांतून पांढरी खरड निघते.
आयटीआयमधून नवीन आले होते, जिभेला लावून पाहिली. खारट.
मास्तर म्हणाले, बास, जेवायला डबा आहे.

आज रविवार. पाणी उतरलंय,
जेट्टी या महिन्यात दोनदा खाली ओढली.
चार वाजता चौदा माणसं येणार, केक घेऊन.
शेठचे दोन फोन झाले.
उजव्याचा काटा ब्याऐंशीवर,
डाव्याचा पंच्याण्णव, आणि अजून चढतोय.

विचारते उजव्याला.
त्याचा थर्मोस्टॅट डाव्याला दिला. फरक नाही.
मीटरच्या वायरी इकडच्या तिकडे केल्या.
आता उजवीकडचं मीटर पंच्याण्णव दाखवतं.
म्हणजे खोटं कुणी बोलत नाहीये.
गाळणी उघडली: जलपर्णीची मुळं,
शेवाळ, गुटख्याची एक पुडी, न फाटलेली.
पंप उघडला. इम्पेलर नवा,
सहाच्या सहा रबरी पाकळ्या जागेवर.
इरफान मागे वाकून ओरडतो,
ताई, पाणी येतंय, पण म्हाताऱ्याच्या लघवीसारखं.

मग वही. शेवटचं लिहिलेलं पान.
अक्षर ओळ सोडून खाली घसरलेलं:
डावा इम्पेलर बदलला.
जुन्याच्या दोन पाकळ्या तुटल्या. एक मिळाली.
दुसरी सोमवारी बघू.

त्या सोमवारी
शरणपूरच्या चर्चच्या मागे आम्ही उभे होतो.
माझ्या नखांत ग्रीस होतं, मी मुठी मिटून घेतल्या.
तुटलेलं मोजायचं, जुळल्याशिवाय झाकण लावायचं नाही,
हे मला शिकवणाऱ्या माणसानं
झाकण लावलं होतं.
पण लिहून ठेवलं होतं.
आणि मी सात महिने
ते पान उलटलंच नव्हतं.

इंजिन थंड व्हायला पाऊण तास.
तोवर शेठचा तिसरा फोन. उचलला नाही.
हीट एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण, चार बोल्ट,
चौथा गंजलेला, त्याला तेल पाजलं,
थोडं ठोकलं, थोडं समजावलं,
शेवटी आईवरून बोलले, तेव्हा सुटला.
आत बारीक नळ्यांच्या तोंडाशी
जांभळाच्या सालीएवढं काहीतरी,
आणि त्याला धरून बसलेला धरणाचा गाळ.
काडीनं उचललं. तळहातावर घेतलं.
कडेला तुटल्याची रेघ.

ताई, एवढंसंच? इरफान म्हणाला.

झाकण लावलं.
वहीच्या त्या पानावर पाकळी ग्रीसनं चिकटवली.
खाली लिहिणार होते, सापडली.
पेन्सिल मिळेना.

साडेचारला निघालो. चौदा माणसं, केक थोडा वितळलेला,
कुणाचा वाढदिवस ते शेवटपर्यंत कळलं नाही.
दोन्ही काटे ब्याऐंशीवर, जुळ्यांसारखे.
सावरगावच्या बाजूला वळताना
मी खाली फळीला कान लावला,

उजवं खोकत होतं, अगदी हळू,
पाहुण्यांसमोर खोकतात तसं.

उद्या सोमवार.
डाव्याला विचारते.