अकरा कंस

तिसऱ्या रविवारी, चारच्या सुमारास,
चेंबूरला, झेरॉक्सवाल्याच्या वर,
सबनीस टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये
जुनी मशिनं भिंतीकडे सरकवून
आम्ही सातजण बसतो. कधी पाच.
गणपतीत दोन.

झेरॉक्सवाला विचारतो, वर कसला क्लास?
मी सांगतो, भाषेचा.
जर्मन? नाही. संस्कृत? नाही,
पण कॉम्प्युटरच्या हिशेबात वय तेवढंच धरा.
(तिच्या नावाचा अर्थ बोबडं बोलणं.
हे मी त्याला सांगत नाही.)

तिच्यात कंसच कंस.
शाळेत कंचेभागुबेव घोकलेलं,
इथे पहिल्या अक्षरावर भागतं.
मुदस्सर म्हणतो, ही गोकुळ नाही, मथुरा आहे.
हे त्याला आधी सुचलं
याची सबनीसबाईंना अजून चुटपुट आहे.

मराठीत क्रियापद शेवटपर्यंत ताटकळत ठेवतं.
ही आल्या आल्या हुकूम सोडते: मिळव.
काय, किती, कुणाकुणाचं, ते मागाहून.
मला बरं वाटतं. बँकेत दिवसभर
जी भाषा लिहितो ती
आधी अर्ज मागते, मग अर्जासाठी अर्ज.

ह्या रविवारी वैती आले.
माहुलचे. गोदीत कारकून, एकतीस वर्षं.
मार्चमध्ये झटका आला, उजवी बाजू गेली, जीभही.
सव्वीस पायऱ्यांना पंधरा मिनिटं लागली.
मंजुळावहिनींनी पिशवीतून कागद काढले,
दोन्ही कडांना भोकं असलेले, शाई फिकट जांभळी.
भरतीचं गणित. साल सत्त्याऐंशी.
"हे म्हणतात, चालवून बघा.
म्हणतात म्हणजे, मला कळतं तसं."

निर्झरा टाइप करायला बसली.
कागदाहून बारा वर्षांनी धाकटी.
मी वाचत गेलो:
कंस उघड, चंद्र, कंस उघड, तिथी,
कंस उघड, कंस उघड, कंस बंद
सबनीसबाई डोळे मिटून ऐकत होत्या.
"ठेका चांगलाय," म्हणाल्या, "अर्थ राहू दे."

शेवटचं पान नव्हतं.
वाळवी नाही, उंदीर नाही, नुसतंच नव्हतं.
होशंगकाका म्हणाले, किती उघडे राहिले ते मोजा.
माझे आले नऊ, मुदस्सरचे बारा.
यंत्राला विचारता आलं असतं.
कोणी विचारलं नाही.

वैतींनी डावा हात उचलला.
पाच बोटं. मिटली. पुन्हा पाच.
मग नुसता अंगठा,
बराच वेळ.

अकरा कंस ओळीने पडले
जिताड्याच्या खवल्यांसारखे, एकावर एक.
यंत्र जरा गप्प राहिलं, मग म्हणालं:
उद्या, माहुल, पूर्ण भरती, एक वाजून बावीस.

टाळ्या झाल्या. चहा सांगितला.
मी मोबाइलवर तक्ता उघडला: एक एकतीस.
नऊ मिनिटं चुकलंय, असं बोलून गेलो
आणि लगेच जीभ चावली.
निर्झरा पुन्हा पहिल्या ओळीशी.

वैती काहीतरी म्हणाले. तीनदा.
वहिनींनीही मान हलवली: नाही समजलं.
तेव्हा त्यांनी माझी बशी ओढली,
ग्लुकोज बिस्किटाचे तुकडे करून
दोन्ही कडांनी आत रचले, चिंचोळी वाट ठेवली,
आणि कपातला चहा हळूच सोडला.
चहा अडखळला. तुंबला.
मग पोचला पलीकडे, उशिरा.

भराव, मुदस्सर हळूच म्हणाला.
सत्त्याऐंशीत खाडी एवढी अरुंद नव्हती.

ते नऊ प्रोग्रामात मिळवायचे की नाही
यावर साडेसहापर्यंत भांडण.
होशंगकाका म्हणाले, गणित बरोबर आहे,
खाडी दुरुस्त करा.
ठराव झाला नाही. वैती खुर्चीतच झोपले होते.

वहिनींनी बशी धुऊन आणली.
"उद्या दुपारी आहेच मी घरी," म्हणाल्या,
"खिडकीतून दिसतं.
बघून कळवते, कोणाचं खरं."