तिसरा दात

ऑड्री पिंचबेक, वय त्र्याहत्तर, खाजगी तपास.
पाटी दाराबाहेर नाही, आत आहे,
कोटांच्या खुंट्यांशेजारी.
आत आलेल्यालाच कळावं, कुठे आलो ते.

मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू,
ग्रिम्सबीच्या इस्पितळात रात्रपाळी.
तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
म्हणून गुरुवारी गाडी मी चालवते.
भाड्यातून दहा पौंड वजा.
तिच्या मांडीवर रहस्यकथा असते,
शेवटचं पान ती आधी वाचते:
खुनी एकदा कळला की
बाकीची माणसं नीट दिसतात, म्हणते.

या वेळी ग्लेनिसचा नवरा.
एकोणीस वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मासे आणायला गेला.
मासे आले. कागदात बांधलेले, दाराशी, अजून गार.
तो आला नाही.
पोलीस म्हणाले, समुद्र.
इथे न सापडलेल्या सगळ्याचं उत्तर समुद्रच.

ऑड्रीने विचारलं नाही, भांडण झालं होतं का,
दुसरी कोणी होती का.
विचारलं, हातांनी काय करायचा?
कुलपं, म्हणाली ग्लेनिस. किल्ल्या.
मग घराची किल्ली दे. महिनाभर.

चार गुरुवार, चार बाजार.
पाचव्याला लाउथ, घरापासून फक्त सोळा मैल.
काखेत कळसा, मी पुटपुटले,
आणि मग वळणावळणाच्या रस्त्यावर
अर्थ समजावत बसले.
ती ऐकून म्हणाली, दमली असेल ना गं ती बाई,
गावाला वळसा घालून?
म्हणीत ते नाही, मी म्हटलं.

चीज आणि सपातांच्या मधे एक टपरी,
तपकिरी ॲप्रन, पांढरे कल्ले.
अशीच एक, म्हणाली ऑड्री.
त्याने किल्ली घेतली. यंत्र सुरू केलं नाही.
अंगठा तिसऱ्या दातावर थांबला.
तो दात यंत्राचा नव्हता,
नोव्हेंबरात दार फुगायचं म्हणून
कुणीतरी कानशीने हाताने उतरवलेला.
अंगठ्याने आधी ओळखलं,
चेहऱ्याला वेळ लागला.

कुलूप अजून तेच?
तेच. तेल घालते ती.

मग तो आमच्याकडे पाठ करून बराच वेळ काम करत राहिला.
साडेचार पौंड.
सुट्टे देताना हात थरथरला,
की थंडी होती, मला सांगता येणार नाही.

गाडीत बसल्यावर
ऑड्रीने कानातलं यंत्र काढून पुसलं.
किती वेळा फिरलं ते चाक?
मी मोजलं नव्हतं.
दोनदा, ती म्हणाली,
आणि मुठीतली एकच नवी किल्ली दाखवली.

अहवालात तिने लिहिलं:
किल्ली, पेट्रोल, दोन चहा.
बाकीचं लिहायचं नाही म्हणाली,
ग्लेनिसला फक्त विचारायचं,
रात्री दाराला
आतून कडी घालतेस का.