डावा पीळ

गावंडे वर्ध्याचे. बँकेतून निवृत्त,
एका जुन्या टेम्पोत पलंग, शेगडी, मोरी बसवून
बायकोसह किनारा बघायला निघालेले.
देवगड बंदराच्या उतारावर गाडी लावून म्हणाले,
"दिवे लागते जी, पण पंखा लावला का सारंच मरते."

मी ट्रॉलरची वायरिंग करतो.
चाकांवरचं घर माझ्याकडे कधी आलं नव्हतं.
पण बारा व्होल्ट ते बाराच,
आणि खारं वारं दोघांनाही सारखंच चाटतं.

बॅटरीवर मीटर टेकवला: बारा पॉइंट सहा.
मागच्या दिव्यापाशी: बारा पॉइंट पाच.
गावंडे खूश. मी नाही.
रिकाम्या तारेचं काय ऐकायचं,
तिच्यावर ओझं टाकून बघावं.
पंखा लावायला सांगितला.
नऊ. मग आठ. मग पंखा उसासून थांबला
आणि वहिनींच्या हातातलं कांद्याचं ताट अंधारात गेलं.

म्हणजे वाटेत कोणीतरी खातंय.

फळ्या उघडल्या. दोन स्क्रूंना डोकंच उरलं नव्हतं.
पलंगाखाली उंदराचा संसार:
वर्तमानपत्राचा चुरा, तारांची सालं, एक अख्खी सुपारी.
तिथे दात लागले होते, तांब्यापर्यंत नाही.
नळी चढवून पुढे सरकलो,
पोटावर, टॉर्च दातात धरून,
लाल तार बोटांनी चाचपत.
मोरीच्या मागे ती पिवळी झाली.
कुणीतरी जोड दिला होता.

काळी टेप, आणि टेपवर जाळ्याचा निळा दोरा.
सात वेढे, टोक वेढ्यांखालून ओढून घेतलेलं.
असं बाबा बांधायचे.
टेप उन्हात सुटते, दोरा सुटत नाही, म्हणायचे.
त्यांच्या हाताखाली आम्ही दोघंच शिकलो.

दोरा सोडला. टेप सोलली.
पीळ उलटा होता.

"गाडी खंय केली ही?"
तोंडातून मालवणीच गेलं. गावंडे नुसते बघत राहिले.
मग नीट विचारलं.
"आम्ही सेकंडहँड घेतली ना. आधीचा मालक भटकळचा,
का होन्नावरचा? कागद पाहून सांगतो."
कागद राहू द्या, म्हटलं.

सगुण अकरा वर्षांपूर्वी गेला.
दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, एवढ्यावरून.
पाटी अजून कोरीच आहे.
पीळ आमच्या घरात सगळ्यांनाच,
त्याचा तेवढा डाव्या हाताचा.

खरं सांगतो,
तो जोड खराब निघावा असं मला वाटलं.
दोन्ही बाजूंना सुया टोचल्या, पंखा लावायला लावला.
आकडा शून्यावरून हलला नाही.
डाग असा आतपर्यंत भरलेला
की तांबं अजून नव्या पैशासारखं.

दोष त्याच्यापुढे दोन हातांवर.
पत्र्याच्या भोकातून तार नेलेली, भोकाला रबर नाही.
करूळ, फोंडा, आंबोली, प्रत्येक वळणाला थोडं थोडं घासून
आवरणाला चीर पडलेली, चिरेतून खारं पाणी आत.
कल्हई उडालेल्या भांड्यातल्या ताकासारखी
तार कळकलेली. चिमटीत घेतली तर हिरवं पीठ.

तेवढी कापून टाकली.
बोटीला वापरतो ती तार घातली, भोकाला रबर बसवलं.
राळेचा धूर मोरीतून वर गेला, वहिनी शिंकल्या.
सगुणच्या जोडापासून वीतभर पुढे माझा जोड.
उजवा पीळ. टेप. दोन्हींवर निळा दोरा,
सात सात वेढे.

पंखा फिरला. दिवे तसेच राहिले.
"तो जुना जोडही बदलून टाका," गावंडे म्हणाले,
"पैशाचं पाहू नका."
तो राहू दे, म्हटलं. तो गाडीपेक्षा टिकेल.

साडेसहाशे झाले. आता कुठे, विचारलं.
"खाली. कारवारपर्यंत तरी."
तिकडे काही बिघडलं,
तर जो कोणी बघेल त्याला सांगा,
आधी मोरीच्या मागे बघ.

गावंडेंनी डायरीत लिहून घेतलं,
तारीख टाकली, खाली रेघ मारली.