उरलेल्या पत्रिका

माळ्यावर सहाशे होत्या.
पुरात खालचं सगळं गेलं,
शाईचे डबे, कागदाचे रीम, उधारीच्या वह्या,
दादांची गोल पाठीची खुर्ची तर
कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत तरंगत गेलेली लोकांनी पाहिली,
आणि हा एक गठ्ठा मात्र
सुतळीसकट कोरडा.
कृष्णामाईलाही नको होता.

प्रेस आमचाच, म्हणून पत्रिका घरच्या.
खिळे दादांनी स्वतः जुळवलेले,
हळदीच्या रंगाचा जाड कागद, सोनेरी शाईचे दोन हात,
वर उठावाचा गणपती.
चि. सौ. कां. वैजयंता,
आणि शेजारी तासगावचे चि. निवास.
लग्नाला अकरा दिवस असताना
त्यांच्याकडून फोन आला.
तेवढंच. त्याच्यावर कविता नाही.

दादा काही गठ्ठा रद्दीत देईनात.
म्हणायचे, गणपती आहे त्यावर.
सतरा वर्षं हेच कारण.

यंदा माझ्या चौथीच्या वर्गाला
दिवाळीची शुभेच्छापत्रं करायची होती
आणि शाळेतले कार्डशीट संपलेले.
मी घरी आले, स्टूल लावलं, वर चढले.

आधी गणपती कापून घेतले, एकेक,
चिवड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवले.
मग वर्गात वाटल्या. म्हटलं, कोऱ्या बाजूला करायचं,
छापलेली बाजू बघायची नाही.
सगळ्यांनी अर्थात तीच आधी बघितली.

"बाई, ह्ये वैजयंता म्हंजे तुमीच?"
श्रेणिक. पहिल्या बाकावरचा.
होय म्हटलं.
"मग जेवाण काय होतं?"
म्हटलं, जिलेबी होणार होती.
त्याचं तेवढ्यावर समाधान झालं.
आफरीननं फक्त मान वर केली,
काही बोलली नाही,
डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवली.

दोन तास नुसती कात्र्यांची कुरकुर.
पेन्सिलीच्या सालींच्या पणत्या झाल्या,
शिंप्याकडच्या खणाच्या चिंध्यांची तोरणं,
एकानं आयर्विन पूल काढून
त्याच्या प्रत्येक कमानीत दिवा लावला
आणि नदी काढायला जागा उरली नाही म्हणून रडला.
कुणी घडी उलटी घातली.
आत शुभ दीपावली,
बाहेर कृपया अहेर आणू नये.
ते कार्ड मी मागून घेतलं.

घरी कंदील.
कामट्या मी तासल्या, खळ दादांनी शिजवली,
मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून,
झुरळं लागत नाहीत.
सहा बाजूंना सहा पत्रिका,
सांध्यांवर डब्यातले गणपती.
गॅलरीत टांगला, बल्ब लावला,
आणि उजेडच येईना.
नुसता एक पिवळा खोका लोंबतोय.
दादा आतून म्हणाले, कागद चांगला होता.

मग गोधडीची सुई घेतली
आणि जिथं जिथं सोनेरी होतं तिथं टोचत गेले.
आमच्या येथे, टोच. श्रीकृपेकरून, टोच.
तारीख टोचली, मुहूर्त टोचला,
निवासरावांना टोचताना, खोटं कशाला बोलू,
हात जरा जोरात पडला.
जेवणवेळ झाली, कुकर गार झाला,
बोटाला घट्टा आला.

पुन्हा बटण दाबलं.
गॅलरीच्या भिंतीवर ठिपके आले,
वाऱ्यानं कंदील फिरला की तेही फिरत,
समोरच्या मुल्लांच्या स्कूटरवरून जाऊन परत येत.
मला त्यातलं काही वाचता येईना, सगळं उलटं.

दादा चष्मा पुसत बाहेर आले.
उलटी अक्षरं वाचण्यात हयात गेलेला माणूस.
बराच वेळ उभे राहिले, ओठ हलत होते,
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील,
सतरा वर्षांचं.

म्हणाले,
"वै"ची एक मात्रा राहिली.

मी बल्ब बंद केला,
सुई शोधायला लागले.